उजव्या सोंडेच्या ऑर्डरी

“अजून एक आली!” माझा नवरा निनाद मोबाईल नाचवत कारखान्यात शिरला. “बोरिवली. चौदा इंच, फेटा, उजव्या सोंडेचा.”

मी खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. हात तसाच राहिला. “परत उजव्या?”

“परत उजव्या.”

आमच्याकडे वर्षानुवर्षं रंगकाम करणाऱ्या शेवंताबाईंनी ब्रश वाटीत ठेवला आणि कपाळाला हात लावला. “वहिनी, या मुंबईवाल्यांना यंदा झालंय तरी काय? उजवा म्हणजे काय खायचं काम आहे? सकाळी उठून चहाआधी आंघोळ करायची ज्यांची बोंब, ते उजवा बसवणार!”

मला काय विचारता, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी मूळची अकोल्याची. गणपती म्हणजे गणपती, आणायचा, मोदक करायचे, दहा दिवस मजा करायची, एवढंच मला ठाऊक. पेणला म्हसकरांच्या घरात सून म्हणून आले आणि कळलं की सोंड त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे वळली की तो कडक. मग सोवळं काटेकोर पाळायचं, नैवेद्याची वेळ चुकवायची नाही, घरात आवाज चढवायचा नाही. चुकलं तर भोवतं, असं लोक मानतात. म्हणून घरोघरी डाव्या सोंडेचाच बसतो. आमचे सासरे, ज्यांना सगळं पेण भाऊ म्हणायचं, ते तर उजव्याची ऑर्डर घ्यायचेच नाहीत. फारच कुणी हट्टाला पेटलं, तर वर्षा-दोन वर्षांत एखादी.

आणि त्या आषाढात रोज तीन-चार यायला लागल्या होत्या.

याचं मूळ माझ्याच कामात असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही. काम मी चोख केलं होतं ना! लग्न झाल्यावर आमच्या मूर्ती ऑनलाइन विकायचं मीच काढलं होतं. पहिल्या वर्षी हौसेनं मी प्रत्येक मूर्तीचं वेगळं पान केलं. आठ इंची लाल पीतांबर एक पान, आठ इंची पिवळा पीतांबर दुसरं, तोच फेटा घालून तिसरं, मग दहा इंची, बारा इंची, डावी सोंड, उजवी सोंड. पानांचा नुसता पूर आला. आणि कुणी मोबाईलवर ‘शाडूचा गणपती पेण’ असं शोधलं, तर आम्ही कुठे? पार तळाला, जिथवर कुणाचं बोट पोचत नाही तिथे.

निनादचा एक मित्र होता पुण्याला, सुहृद नावाचा. त्याचा धंदाच हा. त्यानं आमचं दुकान पाहिलं आणि फोनवर हसतच सुटला.

“वहिनी, तुमच्याकडे भाऊबंदकी चाललीय.”

“म्हणजे?”

“अहो, सगळ्या पानांवर मजकूर तोच, फोटोही जवळपास तोच. शोधणाऱ्या यंत्रानं कुणाला पुढं करायचं? तुमचीच पानं तुमच्याच पानांचे पाय ओढतायत. एकच पान ठेवा. उंची, रंग, फेटा, सोंड, सगळं त्याच पानावर निवडायला द्या.”

“आणि बाकीची पानं? ती काढून टाकू?”

“अजिबात नाही. ज्या पानावर सध्या सगळ्यात जास्त माणसं येतात, ते मुख्य करा. त्याचा पत्ता बदलू नका, त्याचं वजन आधीच झालेलं असतं. बाकीच्या पानांवर जो येईल, तो आपोआप या पानावर आला पाहिजे. बघा मग.”

मी तसंच केलं. कुठल्या पानावर किती माणसं आली त्याचे आकडे बघितले, पहिलं आलेलं पान उचललं आणि बाकी सगळी त्याला जोडून टाकली. आठवडाभर डोळे चुरचुरत होते. पण महिन्याभरात आम्ही वर आलो हो! अगदी पहिल्या तीनात. ऑर्डरी धडाधड यायला लागल्या. निनादनं पनवेलची नोकरी सोडली होती, त्यामुळे त्याचा तर जीव भांड्यात पडला. फक्त त्या ऑर्डरी सगळ्या उजव्या सोंडेच्या का, हे कोडं काही सुटेना.

पहिल्या चार-पाच आल्या तेव्हा मी आमच्या दोघा कारागिरांना सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला थोरला म्हणाला, “वहिनी, रागवू नका. डाव्या सांगा, रात्रंदिवस करतो. ही सोंड आम्ही वळवणार नाही. भाऊंनी केली तर होईल.”

आणि भाऊ तर दीड वर्ष मातीला शिवलेच नव्हते. आमच्या सासूबाई, म्हणजे माई, आदल्या वर्षी माघात अचानक गेल्या. त्या दिवसापासून भाऊंचा पाट कारखान्याच्या कोपऱ्यात उभा करून ठेवलेला. ते ओटीवर बसून राहायचे. बोललं तर उत्तर द्यायचे, जेवायला वाढलं तर जेवायचे. माईंसाठी रडलेलंही कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. सगळे म्हणत, खंबीर आहेत. मला ते खंबीर वगैरे वाटत नव्हते, पण नवी सून काय बोलणार?

त्या दिवशी कारागिरांचं बोलणं ओटीपर्यंत गेलं असावं. भाऊ दारात येऊन उभे राहिले.

“कुठली ऑर्डर?”

“उजव्या सोंडेची, भाऊ. एक नाही, पाच आल्यात,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तसेच आत गेले. मला वाटलं, आता ओरडतील, परत पाठवा म्हणतील. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर भाऊ आंघोळ करून, सोवळं नेसून, कोपऱ्यातला पाट आडवा करून शाडू मळायला बसलेले!

मी धावत जाऊन निनादला उठवलं. तो दारातूनच बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाप्पानं उठवलं गं भाऊंना,” तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. खोटं का सांगू, मी त्या दिवशी साखर वाटली.

पण जसजसे दिवस जायला लागले, तसतशी माझी मती गुंग व्हायला लागली. माणूस आवडीच्या कामाला परत लागला की त्याच्या अंगात जीव येतो, की नाही? इथं उलटंच. भाऊंना साखरेचा आजार, वेळेवर खाल्लं नाही तर घाम फुटायचा, आणि त्यांनी एकभुक्त धरलेलं. कामाला बसले की कुणाशी बोलायचे नाहीत. कुणी जवळून गेलं तरी अंग चोरायचे. सोंड वळवायचे, निरखायचे, मग ती मोडून परत करायचे. संध्याकाळी मला एकच प्रश्न.

“आज किती?”

“तीन, भाऊ.”

ते मान हलवायचे. आनंद नाही, कुरकुर नाही, काही नाही. मी एकदा म्हटलं, “भाऊ, झेपत नसेल तर बंद करू या ना उजव्या.” तर केवढ्यानं दचकले! “बंद करायच्या नाहीत. येतील तेवढ्या घ्यायच्या. आपण कोण नाही म्हणणारे?”

इकडे कारखान्यात प्रत्येकाचा वेगळा तर्क. शेवंताबाईंचं म्हणणं, टीव्हीवर कुणीतरी बुवा सांगत असणार. निनादचं म्हणणं, लोकांचा डाव्या-उजव्याचा गोंधळ होतोय. “अगं, मूर्तीची उजवी म्हणजे समोरच्याची डावी. लोक फोटो बघून आपली उजवी धरत असतील.”

“मग त्यांनी डावी निवडली असती ना!”

तो बोटं इकडेतिकडे वळवून बघत बसला, स्वतःच गोंधळला आणि उठून गेला.

सुहृदला विचारलं तर तो म्हणाला, “वहिनी, लोक मागतायत ते विका. शोधणाऱ्याला का म्हणून विचारायचं नसतं.”

शेवटी भाऊंनाच एकदा घाम फुटून चक्कर आली. डॉक्टर घरी येऊन गेले, रागावले. “हे उपास चालू ठेवलेत तर चतुर्थी दवाखान्यात कराल,” असं स्पष्ट सांगून गेले. दुसऱ्या दिवशी भाऊ परत पाटावर! तोवर पन्नासेक मूर्ती ओळीनं वाळत ठेवलेल्या, सगळ्यांच्या सोंडा एका बाजूला. रंग अजून त्यांतल्या एकीलाही लागला नव्हता. निनाद हातापाया पडला, मी रडले, पण ते हलेनात. मला आता मात्र भीती वाटायला लागली. ही ऑर्डरींची रांग थांबली नाही तर हा माणूस काही हातात राहत नाही, असं मनाला वाटून गेलं.

त्या आठवड्यात पहिल्या गिऱ्हाइकांना पत्ते पक्के करायला फोन करायचे होते. पहिला नंबर डोंबिवलीच्या कुंदाताई गोगट्यांचा.

“हो, पत्ता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मूर्ती सुरेख दिसतेय हो फोटोत.”

“पूजेचं सगळं नीट ठरलंय ना? नाही म्हणजे, उजव्या सोंडेचा आहे म्हणून विचारलं.”

पलीकडे त्या किंचाळल्याच. “काय? कुणी सांगितलं उजव्या? अहो बाई, घाबरवू नका! आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंपासून डाव्या सोंडेचा. माझी सून आठव्या महिन्यात आहे!”

“पण तुम्हीच निवडलंय ना ताई, इथं लिहिलंय...”

“मी उंची निवडली, पीतांबर निवडला. सोंडेचं मला कुणी विचारलंच नाही!”

मी कशीबशी माफी मागितली, डावा पाठवते म्हटलं, फोन ठेवला. दुसरा लावला, तिसरा लावला. सात फोन झाले, सातही जणांचं तेच. आम्ही? उजवा? छे हो!

मग मी मोबाईल घेतला आणि गिऱ्हाईक होऊन आमचंच पान उघडलं. उंची, रिकामी, निवडा. रंग, रिकामा, निवडा. फेटा, रिकामा. आणि सोंड? तिथं आधीच खूण झालेली. ‘उजवी.’ बाकी सगळं निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. सोंडेला हातही लावायला लागत नव्हता.

असं का? तर सुहृदनं सांगितलं होतं ना, जास्त माणसं येणारं पान मुख्य करा, म्हणून मी आकड्यांत पहिलं आलेलं पान उचललं. ते कुठल्या मूर्तीचं हे पाहिलंच नाही. ते उजव्या सोंडेचं पान होतं! बाकीची सगळी त्याला जोडली, पण त्याची स्वतःची सोंड तशीच ठरलेली राहिली. जो कुणी येईल, त्याच्या पदरात पहिला उजवाच.

आता म्हणाल, उजव्याच्या पानावर सगळ्यात जास्त माणसं का येत होती? कुणाला तर तो नको होता ना? मलाही तेच कळेना. म्हणून माणसं काय शब्द टाकून त्या पानावर आली होती ते काढून वाचत बसले. ‘उजव्या सोंडेचा गणपती घरी आणला तर काय होते.’ ‘उजव्या सोंडेचा चुकून आणला, काय करावे.’ ‘पूजेत चूक झाली तर.’ ‘कोप होतो का.’ पानंच्या पानं तेच. एकालाही मूर्ती विकत घ्यायची नव्हती. सगळी भ्यायलेली माणसं होती. आणि मी शहाणीनं त्याच पानावर आमचं अख्खं दुकान थाटलं होतं.

मी निनादला बोलावून दाखवलं. तो डोकं धरून खाली बसला. मग एकदम म्हणाला, “गिऱ्हाइकांचं निभावेल. शाडूच आहे, भिजवू. डाव्या कारागीर आठ-दहा दिवसांत उठवतील. पण भाऊंना सांगायचं नाही.”

“का?”

“अगं, दीड वर्षानं माणूस उठला. त्याला काय सांगणार, तुम्हाला देवानं बोलावलं नव्हतं, माझ्या बायकोच्या हातून खूण राहिली होती म्हणून? परत ओटीवर जाऊन बसतील. आणि या खेपेला उठायचे नाहीत.”

“आणि नाही सांगितलं तर? उपाशीपोटी मूर्ती करत मरतील ना!”

“हळू बोल!”

“नाही बोलणार हळू. तूच सांग, त्यांचा चेहरा तुला उठलेल्या माणसाचा वाटतो?”

निनादनं मान फिरवली. मलाही खात्री कुठं होती? सांगितलं तर हातचे जातील, नाही सांगितलं तरी जातील. इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्या दिवशीची सबंध सकाळ मी स्वयंपाकघरात काय रांधलं ते मला आठवत नाही. दुपारी कारागीर जेवायला गेले, तेव्हा मी उठले आणि कारखान्यात गेले. निनाद माझ्यामागून आला, पण दारातच थांबला.

भाऊ सोंड वळवत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“भाऊ, हात थांबवा जरा. माझ्याकडून एक चूक झालीय.”

त्यांनी वर पाहिलं. मी सगळं सांगितलं. कशी पानं एकत्र केली, कशी खूण आधीच पडलेली होती, कुंदाताई कशा ओरडल्या. त्यांना निम्मं कळत होतं, निम्मं नाही.

“थांब,” ते म्हणाले. “म्हणजे या लोकांनी उजवा मागितला नाही?”

“नाही, भाऊ.”

“एकानंही?”

“मी ज्यांना विचारलं त्यांतल्या एकानंही नाही.”

“मग आला कुठून तो?”

“पानावर आधीच निवडलेला होता. माझ्याकडून राहून गेलं. कुणी काही केलं नाही.”

ते हातातल्या ओल्या सोंडेकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता उठतील, ओटीवर जातील, संपलं सगळं. निनाद दारातून पुढं आला. तेवढ्यात भाऊ बोलायला लागले. इतक्या दिवसांत ते एवढं बोलले नव्हते.

“त्या पानावर फोटो आहे ना, तो मी केलेल्या मूर्तीचा. माई जायच्या आधीच्या गणपतीत केलेली. ठाण्याचं एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं. माई नको म्हणत होती. मी म्हटलं, तुला काय कळतंय. सोवळं नाही, काही नाही. उष्ट्या तोंडानं, चहा पिता पिता, रेडिओ ऐकत सोंड वळवली मी. सुरेख झाली. मला फार गर्व वाटला तिचा. आणि माघात ही गेली.”

“भाऊ!” निनाद म्हणाला.

“कुणाला सांगणार? त्या मूर्तीला हात लावणारा मी आणि गेली ही. म्हणून माती सोडली. वाटलं, आता तरी तो शांत होईल. तर एक दिवस तू सांगितलंस, पाच उजव्या आल्यात. मग रोज तीन, रोज चार. मला कळलं, तो वसूल करतोय. एक बिनसोवळ्यात केलीस ना, आता कर शंभर, नीट कर. चुकलो असतो तर आता कुणाला उचललं असतं? निनादला? तुला?”

आम्ही बाहेर साखर वाटत होतो, आणि हा म्हातारा इतके दिवस आमचे जीव वाचवायला उपाशी बसला होता.

“परत सांग,” ते म्हणाले. “ते उजवं आधीच का निवडलेलं होतं?”

“ते पान पहिलं होतं म्हणून, भाऊ.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“त्यानं नाही पाठवल्या?”

“नाही.”

“म्हणजे तो रागावलेला नव्हता?”

निनाद त्यांच्याजवळ बसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “नव्हता हो, भाऊ.”

त्यांनी हातातली सोंड मातीच्या गोळ्यात दाबून टाकली. आम्हा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिले, जसं काही आम्ही कुठून आलो तेच त्यांना उमगत नव्हतं.

“म्हणजे माई नुसतीच गेली,” ते म्हणाले, आणि मातीनं भरलेले हात तोंडावर घेऊन बायकोसाठी पहिल्यांदाच रडायला लागले.